आधी काम ठरवावे, मग नाव: अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडला जातो

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार आपला रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार, कोणत्या निकषांवर निवडतो, राज्य, धर्म, वंश, लिंग यांचा समतोल साधल्याने मते खरोखर वाढतात का, आणि भारतात जन्मलेली एखादी व्यक्ती, उदाहरणार्थ अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे मराठी सदस्य श्री ठाणेदार, या जागी कधी दिसू शकते का, असे तीन प्रश्न एकत्र विचारले गेले आहेत. अमेरिकी शासनव्यवस्था हा विषय मी अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवला आहे आणि प्रत्येक निवडणुकीत याच एका निर्णयाकडे सर्वाधिक बारकाईने पाहत आलो आहे, म्हणून उत्तर विस्ताराने देतो. माझे मत आधीच नोंदवतो. ही निवड जिथे जिथे फसली, तिथे बहुधा एकच गोष्ट घडलेली दिसते: निवडून आल्यावर त्या माणसाने काय काम करायचे हे ठरण्याआधीच त्याचे नाव ठरलेले होते.

हे पद आपल्या ओळखीच्या कोणत्याही पदासारखे नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. आपल्याकडे उपराष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात, ती निवडणूक राष्ट्रपतींच्या निवडणुकीशी बांधलेली नसते, आणि राष्ट्रपतिपद मध्येच रिकामे झाले तर उपराष्ट्रपती नवी निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, केवळ कार्यभार सांभाळतात. 1969 मध्ये झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे असाच कार्यभार आला होता. उपमुख्यमंत्रिपदाशी तुलना करण्याचा मोह महाराष्ट्रातील वाचकाला होतो, पण ते पद बहुतेक वेळा निकालानंतरच्या सत्तावाटपात जन्माला येते आणि मुख्यमंत्री पायउतार झाल्यास उपमुख्यमंत्र्याला त्या जागेवर कोणताही घटनात्मक हक्क सांगता येत नाही. अमेरिकेत मतदार अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या जोडीला मिळून एकच मत देतो, त्याला ही जोडी फोडता येत नाही, आणि अध्यक्षाचा मृत्यू झाला, त्याने राजीनामा दिला किंवा त्याला पदावरून दूर केले गेले, तर उपाध्यक्ष उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी पूर्ण अधिकारांचा अध्यक्ष होतो. मध्ये कोणतीही पोटनिवडणूक नसते. आजवर 45 व्यक्ती अध्यक्षपदावर बसल्या आणि त्यांपैकी नऊ जण उपाध्यक्ष असताना मुदतीच्या मध्येच तिथे पोहोचले: आठ जण अध्यक्षांच्या मृत्यूमुळे, आणि 1974 मध्ये जेराल्ड फोर्ड हे निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. पाचात एक, असे हे प्रमाण आहे. एवढी मोठी शक्यता दुर्लक्षून या पदाला शोभेचे पद म्हणत राहणे मला कधीही पटलेले नाही.

तरीही त्याला शोभेचे म्हटले गेले, कारण राज्यघटनेने उपाध्यक्षाला जिवंत आणि धडधाकट अध्यक्षाच्या काळात करण्यासारखे फारच थोडे दिले. तो सिनेटचा अध्यक्ष असतो आणि समसमान मते पडली तरच त्याला मत देता येते. एवढ्यावरही कधीकधी बरेच अवलंबून असते. कमला हॅरिस यांना सिनेटमधील बरोबरीच्या बलामुळे असे निर्णायक मत 33 वेळा द्यावे लागले आणि जॉन कॅल्हून यांचा एकोणिसाव्या शतकातील 31 मतांचा विक्रम मोडला गेला. पण मुळात हे पद घटनाकारांनी फार विचार करून घडवलेले नव्हते. आरंभीच्या नियमानुसार अध्यक्षपदाच्या शर्यतीत दुसरा आलेला माणूस उपाध्यक्ष होत असे, त्यामुळे 1796 मध्ये जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष आणि त्यांचे कट्टर विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष अशी विचित्र जोडी तयार झाली. 1800 मध्ये जेफरसन आणि त्यांचेच सहकारी एरन बर यांना निर्वाचकांची, म्हणजे अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची, प्रत्येकी 73 मते पडली, तिढा प्रतिनिधीगृहात गेला आणि 36 फेऱ्यांनंतर सुटला. त्यातून 1804 ची बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मतदान सुरू झाले. आज आपण ज्याला जोडी म्हणतो तिचा पाया हा आहे.

यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे जोडीदार निवडण्याचा अधिकार व्यवहारात उमेदवाराकडे नव्हताच; तो पक्षाच्या अधिवेशनातील पुढाऱ्यांकडे होता, आणि त्यांच्या हिशेबात उपाध्यक्षपद म्हणजे नाराज गटाला दिलेली भरपाई होती. उत्तरेचा अध्यक्ष तर दक्षिणेचा उपाध्यक्ष, सुधारणावादी अध्यक्ष तर जुन्या वळणाचा उपाध्यक्ष, असे हे बेरजेचे राजकारण चालत असे. त्याची सर्वांत महाग किंमत 1864 मध्ये मोजली गेली. यादवी युद्ध चालू असताना लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाने नॅशनल युनियन हे नाव धारण करून, विद्यमान उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन यांना बाजूला सारले आणि टेनेसीचे युद्धसमर्थक डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन यांना जोडीला घेतले. निवडणुकीच्या दृष्टीने हा हिशेब चोख होता. मात्र नवी मुदत सुरू होऊन सहा आठवडे होतात न होतात तोच लिंकन यांची हत्या झाली, आणि गुलामीतून मुक्त झालेल्या लाखो लोकांच्या नागरी हक्कांचा प्रश्न अशा माणसाच्या हाती आला, ज्याने त्यासाठीच्या कायद्यांवर नकाराधिकार वापरला. 1868 मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालला आणि ते एका मताने वाचले. दक्षिणेची पुनर्रचना त्या वर्षांत जशी होऊ शकली असती तशी झाली नाही, याचे सगळे माप जॉन्सन यांच्या पदरात घालता येणार नाही, पण मोठे माप घालावेच लागते.

1940 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्यासाठी अडून बसून हा अधिकार उमेदवाराकडे ओढून घेतला, आणि तेव्हापासून अपवाद वगळता उमेदवाराचा शब्द अखेरचा मानला जातो. पण चारच वर्षांनी जे घडले ते अधिक शिकवणारे आहे. 1944 च्या मार्चमध्ये डॉक्टरांना रूझवेल्ट यांचे हृदय निकामी होत चालल्याचे आढळले होते. पक्षातील प्रमुख पुढाऱ्यांना त्यांची खालावलेली प्रकृती डोळ्यांनी दिसत होती, आणि आपण उपाध्यक्ष निवडत नसून बहुधा पुढचा अध्यक्ष निवडत आहोत हे ते आपसांत बोलतही होते. वॉलेस त्यांना फार डावे वाटत, जेम्स बर्न्स कामगार संघटनांना चालत नव्हते. शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते, दुसऱ्या फेरीत मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रूमन यांच्या गळ्यात माळ पडली. ट्रूमन जेमतेम 82 दिवस उपाध्यक्ष होते. 12 एप्रिल 1945 रोजी रूझवेल्ट गेले आणि त्या संध्याकाळी शपथविधीनंतर युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी नव्या अध्यक्षांना एका प्रचंड शक्तीच्या नव्या शस्त्राविषयी ओझरते सांगितले. अणुबाँबची सविस्तर माहिती त्यांना मिळाली ती 25 एप्रिलला. जगाच्या इतिहासातील सर्वांत गंभीर निर्णयांपैकी एक ज्याला घ्यायचा होता, त्या माणसाला उपाध्यक्ष असताना त्या प्रकल्पाची माहिती देण्याची गरज कोणालाही वाटली नव्हती. ट्रूमन समर्थ निघाले, हे त्या देशाचे नशीब. निवडीची पद्धत त्याचे श्रेय घेऊ शकत नाही. माणूस बरा निवडला गेला आणि त्याला काम मात्र काहीच दिले गेले नाही, असा हा प्रकार होता.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो: बेरीज चालते का? यासाठी सर्वांत जास्त दाखला दिला जातो तो 1960 चा. जॉन केनेडी यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना, भाऊ रॉबर्ट यांचा विरोध असतानाही, सोबत घेतले आणि टेक्सास सुमारे 46 हजार मतांनी जिंकले. टेक्सासची 24 निर्वाचक मते त्यांना मिळाली. परंतु केनेडी यांची एकूण निर्वाचक मते 303 होती आणि बहुमताला तेव्हा 269 पुरेशी होती, म्हणजे एकटे टेक्सास गेले असते तरी ते अध्यक्ष झालेच असते. जॉन्सन यांच्या निवडीचे समर्थन करायचे तर दक्षिणेतील इतर राज्यांवरील त्यांचा प्रभावही धरावा लागतो, आणि तो मोजणे फार अवघड आहे. यानंतरची उदाहरणे तर उलटच बोलतात. 1988 मध्ये डुकाकिस यांनी टेक्सासचे लॉइड बेंटसन घेतले आणि टेक्सास हरले, 2004 मध्ये केरी यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे जॉन एडवर्ड्स घेतले आणि ते राज्य हरले, 2012 मध्ये रॉम्नी यांनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन घेतले आणि तिथेही तेच झाले. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोप्को या दोन राज्यशास्त्रज्ञांनी अनेक निवडणुकांची आकडेवारी तपासून असा निष्कर्ष मांडला आहे की जोडीदाराच्या स्वतःच्या राज्यात मिळणारा थेट फायदा सर्वसाधारणपणे नगण्य असतो. जोडीदाराचा खरा परिणाम अप्रत्यक्ष असतो, कारण त्याच्याकडे पाहून मतदार अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या विवेकाविषयी मत बनवतो. माझ्या अभ्यासातही मला हेच दिसत आले आहे.

2024 मध्ये हा वाद पुन्हा पेटला. कमला हॅरिस यांनी पेनसिल्व्हेनियाचे लोकप्रिय गव्हर्नर जॉश शपिरो यांना न घेता मिनेसोटाचे टिम वॉल्झ यांना घेतले, आणि पेनसिल्व्हेनिया हातचे गेल्यावर अनेकांनी पराभवाचे खापर याच निर्णयावर फोडले. हिशेब मांडून पाहावा. हॅरिस यांना 226 निर्वाचक मते मिळाली. शपिरो यांनी पेनसिल्व्हेनियाची सर्व 19 मते आणून दिली असती असे गृहीत धरले तरी बेरीज 245 होते आणि विजयाला आता 270 लागतात. वॉल्झ यांची निवड योग्य होती की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात, पण त्यासाठी एका राज्याचा नकाशा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

लिंग, वंश आणि धर्म यांच्या समतोलाविषयी मी जरा वेगळे बोलेन. 1984 मध्ये वॉल्टर माँडेल यांनी जेराल्डिन फेरारो यांना निवडले तेव्हा मोठ्या पक्षाच्या जोडीत प्रथमच एक स्त्री आली. माँडेल 49 राज्ये हरले, म्हणून हा प्रयोग फसला असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पण तेजीत आलेली अर्थव्यवस्था आणि रेगन यांची लोकप्रियता यांच्यापुढे त्या वर्षी कोणतीही जोडी टिकली नसती. प्रतिनिधित्वाला स्वतःचे मोल असते, ते एका निवडणुकीच्या मतमोजणीत मापायचे नसते, आणि ज्या देशात इतकी वर्षे एकाच साच्यातील माणसे या पदावर आली तिथे निवडीचे दार रुंद करणे हा न्यायाचा भाग आहे. माझा आक्षेप इतकाच आहे की निकष आधी जाहीर करून नंतर व्यक्ती शोधली की त्या व्यक्तीच्या पात्रतेवर अकारण सावली पडते. 2020 च्या मार्चमध्ये जो बायडेन यांनी वादसभेत स्त्री उमेदवार निवडण्याचे वचन दिले आणि ऑगस्टमध्ये हॅरिस यांचे नाव जाहीर केले. त्या कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरल राहिलेल्या, सिनेटर असलेल्या आणि स्वतः अध्यक्षपदाची शर्यत लढलेल्या होत्या. त्या वचनाविनाही त्यांचे नाव यादीत वरच असते.

निवडीची आजची पद्धत समजून घ्यायची तर 1972 ची हकिगत जवळून पाहावी लागते, कारण आजचे बहुतेक नियम त्या अपघातातून आले. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न यांची उमेदवारी मायामी बीचच्या अधिवेशनात उशिरा पक्की झाली. टेड केनेडी होकार देतील ही आशा धरून त्यांनी दुसऱ्या कोणाचा नीट विचारच केला नव्हता. केनेडी यांनी नकार दिला, मग आणखी काही जणांनी दिला, आणि 13 जुलैच्या दुपारी नाव देण्याची मुदत संपायला थोडाच वेळ असताना मिसुरीचे तरुण सिनेटर टॉमस ईगल्टन यांना फोन गेला. त्यांनी क्षणात होकार दिला. तुमच्या आयुष्यात अडचणीचे असे काही आहे का, अशा अर्थाची विचारणा मॅकगव्हर्न यांच्या सहकाऱ्याने फोनवरच केली आणि नाही असे उत्तर मिळाले. तिकडे अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी इतकी नावे आणि भाषणे लांबत गेली की मॅकगव्हर्न यांना स्वीकृतीचे भाषण करायला पहाटेचे पावणेतीन वाजले, आणि देश तोवर झोपी गेला होता. काही दिवसांतच उघड झाले की ईगल्टन यांना 1960 ते 1966 या काळात नैराश्यासाठी तीनदा रुग्णालयात दाखल करावे लागले होते आणि विजेचे उपचारही झाले होते. मॅकगव्हर्न यांनी आपण त्यांच्या हजार टक्के पाठीशी असल्याचे सांगितले आणि नंतर दबाव वाढताच, निवडीनंतर अठराव्या दिवशी, त्यांना माघार घ्यायला लावली. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सार्जंट श्रायव्हर यांना त्या जागी नेमले.

या प्रकरणाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. नैराश्यावर उपचार घेतलेला माणूस उच्च पदाला अपात्र असतो, असा त्याचा अर्थ मी तरी लावणार नाही. ईगल्टन पुढे 1987 पर्यंत सिनेटमध्ये सन्मानाने राहिले. दोष होता तो एका आयुष्यभराच्या प्रश्नाचा निकाल काही मिनिटांच्या फोनवर लावण्यात, आणि नंतर दिलेला शब्द फिरवण्यात. मतदारांना मॅकगव्हर्न यांचा निर्णय घेण्याचा प्रकार दिसला आणि तो त्यांच्या मनातून गेला नाही.

तेव्हापासून छाननी हे वकिलांच्या पथकाचे काम झाले आहे. उमेदवारी साधारण पक्की दिसू लागली की विश्वासातील एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे ते सोपवले जाते. आधी लांब यादीतील लोकांची केवळ सार्वजनिक नोंदींवरून तपासणी होते, तीही त्यांना न कळवता. मग मोजक्या नावांना विचारून सविस्तर कागद मागवले जातात. अनेक वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे, कर्जे आणि गुंतवणुकी, न्यायालयीन प्रकरणे, आरोग्याची पूर्ण नोंद, लिहिलेले आणि बोललेले जे काही सापडेल ते सर्व, आणि पती किंवा पत्नीचे व्यवसायही. फेरारो यांच्या बाबतीत प्रचाराचे महत्त्वाचे आठवडे गेले ते त्यांच्या पतीच्या मालमत्ता व्यवसायाच्या हिशेबात, म्हणून हे शेवटचे कलम आता फार कसोशीने पाहिले जाते. हे काम नीट करायला दोन-तीन महिने लागतात. हॅरिस यांना 2024 मध्ये सुमारे दोन आठवडे मिळाले: बायडेन यांनी 21 जुलैला माघार घेतली, माजी अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्या देखरेखीखाली छाननी झाली, 4 ऑगस्टला अखेरच्या मुलाखती झाल्या आणि 6 ऑगस्टला वॉल्झ यांचे नाव जाहीर झाले. 1989 च्या बीजिंगमधील तिआनानमेन घटनांच्या वेळी आपण हाँगकाँगमध्ये होतो, या वॉल्झ यांच्या जुन्या, चुकीच्या ठरलेल्या विधानासारख्या गोष्टी नंतर बाहेर आल्या आणि त्यांना वादसभेत उत्तर द्यावे लागले. दुसऱ्या बाजूला ट्रम्प यांचे जोडीदार जे. डी. व्हान्स यांच्या बाबतीत भरपूर वेळ होता, तरी अपत्यहीन स्त्रियांविषयीचे त्यांचे 2021 मधील वक्तव्य निवडीनंतर कित्येक दिवस गाजत राहिले. कागदपत्रे तपासली म्हणजे काय गाजेल हे कळतेच असे नाही.

2008 मधील सेरा पेलिन यांची निवड मला या संदर्भात महत्त्वाची वाटते. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचे मन पूर्वी डेमोक्रॅट असलेले सिनेटर जो लीबरमन यांच्याकडे ओढ घेत होते. पक्षातून, विशेषतः गर्भपाताच्या प्रश्नावरून, तीव्र विरोध झाल्यावर अगदी शेवटच्या दिवसांत अलास्काच्या गव्हर्नर पेलिन यांची झटपट छाननी झाली आणि 29 ऑगस्टला, ओबामा यांच्या स्वीकृती भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, नाव जाहीर झाले. त्या दिवशी मॅकेन 72 वर्षांचे झाले. आरंभी सभांना गर्दी उसळली, पक्षात चैतन्य आले, आणि काही आठवड्यांतच दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत राष्ट्रीय प्रश्नांवरील त्यांची तयारी अपुरी असल्याचे दिसून आले. मॅकेन यांचा सर्वांत मोठा मुद्दा अनुभव हा होता आणि त्याच मुद्द्याला त्यांच्याच निवडीने सुरुंग लागला. पुढे लीबरमन यांना न निवडल्याची खंत त्यांनी स्वतः बोलून दाखवली. येथे निवड झाली ती प्रचारातील एक खड्डा बुजवण्यासाठी, आणि प्रचार संपल्यावर त्या व्यक्तीने सरकारात काय करायचे हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

याच्या अगदी उलट, आणि माझ्या मते आजवरची सर्वांत शहाणी निवड, 1976 ची आहे. जिमी कार्टर जॉर्जियाचे गव्हर्नर राहिलेले, वॉशिंग्टनबाहेरचे, अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, कधीही न बसलेले. आपल्यात काय कमी आहे हे त्यांनी स्वतःशी कबूल केले आणि ती उणीव भरून काढणारा माणूस शोधण्यासाठी घाई न करता वेळ दिला. चार्ल्स कर्बो या विश्वासू वकिलाने चौकशी केली; मग एडमंड मस्की, जॉन ग्लेन आणि वॉल्टर माँडेल यांना कार्टर यांनी आपल्या प्लेन्स या छोट्या गावी बोलावून घेतले, इतर काहींना न्यूयॉर्कमध्ये भेटले. माँडेल तयारीने आले होते. आपले गुरू ह्यूबर्ट हम्फ्री यांची लिंडन जॉन्सन यांच्या काळात उपाध्यक्ष म्हणून झालेली कुचंबणा त्यांनी जवळून पाहिली होती, त्यामुळे नुसते समारंभांना हजर राहणारे पद आपल्याला नको, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. निवडून आल्यावर, 9 डिसेंबर 1976 रोजी, त्यांनी कार्टर यांना एक टिपण दिले. त्यात उपाध्यक्षाने अध्यक्षाचा सर्वसाधारण सल्लागार असावे, एखाद्या खात्याचा कायमचा कारभार अंगावर घेऊन त्यात अडकून पडू नये, अध्यक्षाला मिळणारी सर्व गोपनीय माहिती त्यालाही मिळावी आणि अध्यक्षाला एकट्याने भेटण्याची ठरलेली वेळ असावी, असे मांडले होते. कार्टर यांनी ते मान्य केले, शिवाय व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये आपल्या कार्यालयापासून काही पावलांवर त्यांना जागा दिली. दर आठवड्याला दोघे एकत्र जेवत. त्यानंतरच्या उपाध्यक्षांनी, पक्ष कोणताही असो, हीच चौकट पुढे चालवली. ट्रूमन यांना अणुबाँबची गंधवार्ता नव्हती आणि माँडेल यांना रोजचा गुप्तवार्ता अहवाल मिळत होता. बत्तीस वर्षांत घडलेला हा फरक त्यासाठी राज्यघटनेत एक अक्षरही न बदलता घडला.

याच चौकटीतून पाहिले की काही निवडी वेगळ्या दिसू लागतात. 1992 मध्ये क्लिंटन यांनी अल गोर यांना घेतले तेव्हा भौगोलिक समतोलाच्या जुन्या कल्पनेला त्यांनी सरळ रजा दिली: दोघेही दक्षिणेचे, शेजारच्या राज्यांचे, चाळिशीतले आणि मध्यममार्गी. पण गोर यांना परराष्ट्र धोरण, पर्यावरण आणि काँग्रेस यांची जाण होती, आणि त्यांचे काम ठरलेले होते. 2008 मध्ये बायडेन यांनी प्रत्येक मोठ्या निर्णयाच्या वेळी आपण खोलीत असावे अशी अट ओबामा यांच्याकडे घातली होती, आणि 2009 च्या आर्थिक मदत कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख त्यांच्याकडेच आली. डिक चेनी यांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. वायोमिंगच्या तीन निर्वाचक मतांसाठी कोणी जोडीदार निवडत नाही; 2000 मध्ये टेक्सासचे गव्हर्नर असलेल्या धाकट्या बुश यांना माजी संरक्षणमंत्र्याचा अनुभव हवा होता. आपल्याच राज्यातील दोघांना निर्वाचकाने मत देऊ नये या बाराव्या दुरुस्तीतील अटीमुळे, टेक्सासमध्ये राहणाऱ्या चेनी यांना जुलै 2000 मध्ये आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवावी लागली. त्या वर्षी ही जोडी 271 मतांवर, म्हणजे अवघ्या एका जादा मताने, जिंकली हे पाहता टेक्सासची 32 मते धोक्यात घालणे किती महागात पडले असते हे लक्षात येईल. मात्र या निवडीत एक गंभीर उणीव होती. जोडीदार शोधण्याचे काम ज्यांच्याकडे दिले होते तेच चेनी होते, आणि इतरांची झाली तशी कसून छाननी त्यांची झाली नाही. काम ठरलेले असले तरी त्या कामाची मर्यादाही ठरलेली असावी लागते, असे पहिल्या कार्यकाळातील त्यांच्या अफाट प्रभावाकडे पाहून मला वाटत आले आहे.

वर्गात मी विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय देत असे: एखाद्या काल्पनिक उमेदवारासाठी जोडीदार सुचवा. जवळजवळ प्रत्येक गट नकाशा उघडून बसे. मग मी त्यांना नकाशा मिटायला लावून एक परिच्छेद लिहायला सांगे, की शपथविधीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ही व्यक्ती कोणत्या बैठकीत बसेल, तिथे तिच्याशिवाय कोणालाही माहीत नसलेले असे काय सांगू शकेल, आणि अध्यक्षाशी असहमत होण्याची तिची हिंमत आहे का. परिच्छेद लिहून झाल्यावर पुष्कळ गट नाव बदलत. यातला असहमतीचा प्रश्न मी मुद्दाम घालत असे. ट्रम्प यांनी माइक पेन्स यांना 2016 मध्ये निवडले तेव्हा सर्व चर्चा धार्मिक मतदारांची होती; 6 जानेवारी 2021 रोजी निर्वाचक मतांची मोजणी करताना निकाल फिरवण्यासाठीचा अध्यक्षांचा दबाव नाकारून घटनेप्रमाणे वागावे लागेल, हे काम तेव्हा कोणाच्याही यादीत नव्हते. त्यांनी ते केले. त्या मोजणीतील उपाध्यक्षाची भूमिका केवळ औपचारिक आहे हे 2022 च्या कायद्याने आता शब्दांत लिहून ठेवले आहे, पण त्या दुपारी कायद्याइतकीच माणसाची पारख झाली. जोडीदार निष्ठावान असावा ही अपेक्षा रास्त आहे. ती निष्ठा पदाला आणि घटनेला आधी, व्यक्तीला नंतर, हे निवड करताना विचारले गेले पाहिजे.

आणखी एक परिणाम निवड करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच असतो. 1945 पासूनचे उपाध्यक्ष पाहिले तर ट्रूमन, निक्सन, जॉन्सन, हम्फ्री, फोर्ड, माँडेल, थोरले बुश, गोर, बायडेन आणि हॅरिस हे सर्व पुढे आपल्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. म्हणजे जोडीदार निवडणारा उमेदवार आपल्या पक्षाचे पुढील दहा-बारा वर्षांचे नेतृत्वही बऱ्याच अंशी ठरवून टाकतो. 2020 च्या ऑगस्टमधील निर्णयाने 2024 चा उमेदवार ठरला, तो कोणत्याही प्राथमिक निवडणुकीविना. पक्षाच्या मतदारांवर हे एक प्रकारे लादले जाते, आणि म्हणूनच जोडीदाराची निवड ही उमेदवाराची खासगी पसंती मानणे मला मान्य नाही.

राहिला तिसरा प्रश्न. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी 2023 पासून मिशिगनमधील डेट्रॉईट परिसराचे प्रतिनिधीगृहात प्रतिनिधित्व करत आहेत, आणि मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांना उपाध्यक्ष होता येणार नाही. अध्यक्षाला जन्मसिद्ध नागरिकत्व, किमान 35 वर्षे वय आणि 14 वर्षांचे वास्तव्य या अटी आहेत, आणि जो अध्यक्षपदाला अपात्र तो उपाध्यक्षपदालाही अपात्र, असे बाराव्या दुरुस्तीचे शेवटचे वाक्य स्पष्टपणे सांगते. नंतर नागरिकत्व स्वीकारलेल्या व्यक्तीला सिनेटर, गव्हर्नर किंवा मंत्री होता येते. ही दोन पदे तेवढी वर्ज्य आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीला ही अट आड येत नाही. हॅरिस यांची आई चेन्नईहून गेलेली, पण त्यांचा स्वतःचा जन्म ओकलंडचा. निकी हेली साउथ कॅरोलायनात जन्मल्या, विवेक रामस्वामी ओहायोत. तेव्हा न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी राज्याच्या विधिमंडळापासून सुरुवात करून गव्हर्नरपदापर्यंत पोहोचले, तर छाननीच्या त्या लांब यादीत त्यांचे नाव येण्यास घटनेची कोणतीही आडकाठी नाही.